तीन पावलं आणि परत

नाझनीनच्या डोक्यावरून चेंडू उंच गेला आणि ती ओरडली, "श्रुतिका, तुझा!"

माझाच होता. टेनिसच्या दुहेरीत जाळ्याजवळच्या बाईच्या डोक्यावरून गेलेला चेंडू मागच्या बाईनं आणायचा असतो, हे आमच्या सांगलीच्या जिमखान्यातल्या मांजरालाही ठाऊक आहे. मी गर्रकन वळले आणि पळाले. एक, दोन, तीन पावलं. चौथं टाकणार एवढ्यात माझा उजवा गुडघा थांबला, त्यानं मला जागच्या जागी फिरवलं आणि जाळ्याकडं तोंड करून उभी केली. चेंडू माझ्या पाठीमागं टप्पा घेऊन कुंपणाला जाऊन लागला.

नाझनीन धावत आली. "दुखलं का ग?"

"नाही."

"मग थांबलीस का?"

"मी कुठं थांबले? हा थांबला," मी गुडघ्याकडं बोट दाखवून म्हणाले. गुडघ्यावरचा ब्रेस शहाण्या मुलासारखा गप्प होता.

शस्त्रक्रियेनंतरची ती माझी पहिली मॅच. नाझनीन मुजावर म्हणजे माझी वीस वर्षांची जोडीदारीण, शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळं तिचा आवाज पलीकडच्या कोर्टावर पोचतो. "परत फिरलीस ती फिरलीस, वर अशी काय उभी होतीस? कुणी बोलवायची वाट बघत असल्यासारखी!" हे तिनं सगळ्या जिमखान्याला ऐकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मागचं सांगते. सव्वा वर्षापूर्वी याच कोर्टावर असाच एक चेंडू आणायला वळले आणि गुडघ्यातून 'टप्' असा आवाज आला. गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि पायाचं हाड एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून एक दोर असतो, करंगळीएवढा. तो तुटला की माणूस सरळ चालतो झकास, पण वळायला गेला की गुडघा दगा देतो. मिरजेच्या डॉक्टर खोतांनी माझ्याच मांडीतली एक कंडरा काढून तिथं कलम केलं. "आंब्याचं असतं तसंच बघा," ते म्हणाले, "कलम बांधायला तास, पण ते जीव धरायला वर्ष." मी वर्षभर व्यायाम केला. उठाबशा काढल्या, एका पायावर उभी राहिले, जिन्यावरून उलटी उतरले. जीव धरला कलमानं. धरला नाही तो मी. कोर्टाच्या रेषेवर पाय ठेवला की तो 'टप्' कानात वाजायचा.

त्यात आमचे हे. माझा नवरा अभिनंदन मगदूम विमा कंपनीत आहे. कोण कधी पडेल आणि पडलं तर त्याचं काय मोडेल, याचा हिशेब मांडणं हे त्याचं काम, आणि काम तो घरी घेऊन येतो. दीड वर्षापूर्वी आत्या मोरीत घसरल्या. आत्या म्हणजे त्याची आई, माझ्या सासूबाई, त्रिशला मगदूम. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. लागलं काही नव्हतं, मुका मार. पण अभिनंदननं टक्केवारी मांडली आणि आत्यांचं बाहेर जाणं बंद करून टाकलं. आता भाजी ड्रोनला बांधलेल्या उडत्या टोपलीतून थेट बाल्कनीत उतरते, जैन बस्तीत दर्शनाला जायचं तर गाडीतून आणि लेकाच्या दंडाला धरून. मीही 'बरोबर आहे बाई' म्हणून मान डोलावली होती.

मग माझा नंबर लागला. "पन्नाशीची बाई टेनिसला परत गेली तर कलम तुटायची शक्यता..." त्यानं सुरू केलं, तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तू मला जेवायला वाढताना शक्यता सांगतोस का, वरण सांडायची?" मी म्हटलं. शेवटी तडजोड झाली. सांगाती घालायचा, नाहीतर रॅकेट माळ्यावर.

सांगाती हा ब्रेसच, पण जुन्या पट्ट्या-दांड्यांचा नव्हे. माणूस पाय हलवायच्या आधी, डोळा लवावा इतकाच आधी, मेंदूकडून स्नायूला विजेची बारीक झुळूक येते. सांगातीच्या कापडातले धागे ती झुळूक वाचतात. म्हणजे पाय कुठं जाणार हे पायाच्या आधी सांगातीला कळतं. दोन्ही बाजूंच्या नळ्यांत तेल असतं आणि तेलात लोखंडाची पिठी. आतलं चुंबक जागं झालं की ती पिठी एकमेकींना धरते आणि पातळ तेल दगडासारखं घट्ट होतं. गुडघा भलत्या कोनात चालला की तो तिथंच आवळला जातो. शिवाय एक छोटी मोटर असते, ती तुमची हालचाल पुरी करायला हातभार लावते.

खरी करामत पुढंच आहे. कुठली हालचाल कशासाठी, हे सांगातीला कंपनी शिकवत नाही. प्रत्येकाची चाल वेगळी. म्हणून पहिले दीड महिने तो नुसता घालून वावरायचं, तो तुमच्याकडूनच शिकतो. तुम्ही वळलात आणि बसलात, असं रोज झालं, की पुढं तुम्ही वळलात की तो बसवायच्या तयारीला लागतो. तुमच्या मनात काय आहे ते तो पुरं करून देतो, अशी ती कल्पना.

दिवसभर घालायचा, असं बजावलेलं होतं. पण माझी हळद तपासायची प्रयोगशाळा आहे. तिथली भुकटी दाराच्या बिजागरीलासुद्धा सोडत नाही, तर त्या नाजूक नळ्यांचं काय? म्हणून मी सकाळी व्यायामाला घालायची, कामावर निघताना काढून चपलांच्या मांडणीवर ठेवायची, संध्याकाळी परत चढवायची. एवढंच मला माहीत होतं.

तर ती पहिली मॅच आम्ही हरलो. दुसऱ्या मॅचमध्ये तेच. वळले, तीन पावलं, परत. पण दुसऱ्या वेळी गंमत झाली. समोरच्या बाईनं मला पळताना पाहिलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत चेंडू हळूच टाकला. तोवर मी परत येऊन तिथंच उभी! मारला फटका. ती बघतच राहिली. मग हे वरचेवर व्हायला लागलं. मी निघून जाते, त्या फसतात, मी परत येते. जिमखान्यात याला 'मगदूम फिरकी' असं नाव पडलं. एक बाई येऊन विचारून गेली, कुठल्या कोचकडं शिकलात म्हणून. मीही सांगितलं, स्वयंभू आहे. त्या फिरकीवर आम्ही थेट जिल्हा स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलो. समोर कोल्हापूरच्या दोघी, म्हणजे हरायची सोयच नाही. सांगलीकरानं कोल्हापूरकराकडून हरून घरी कसं जायचं?

पण गुडघा संध्याकाळी सुजायला लागला, तशी डॉक्टर खोतांकडं गेले. त्यांनी सांगाती काढून घेतला, त्याची आठवण पडद्यावर उघडली आणि बराच वेळ हनुवटी खाजवत बसले.

"श्रुतिकाताई, या गुडघ्यात दोन माणसं आहेत."

"म्हणजे?"

"सकाळ-संध्याकाळ एक बाई आहे, तिच्या उठाबशा आहेत. त्या तुम्ही. दुपारी दुसरीच कोणीतरी. वजनानं हलकी, वयानं मोठी, जिना उतरताना कठडा धरणारी. ती रोज बरंच चालते. मग एका जागी उभी राहते, वाकते, उभी राहते. तावातावानं पाठ फिरवून चालायला लागते. तीन पावलं जाते आणि परत येते. परत येते तेव्हा एका हातात वजन वाढलेलं असतं. असं एका दुपारी सात-आठ वेळा." त्यांनी चष्मा काढला. "हा काय व्यायामप्रकार म्हणायचा?"

मी हसायला लागले ती थांबेचना. डॉक्टरांनी पाणी मागवलं. "व्यायाम नाही हो डॉक्टर," मी डोळे पुसत म्हटलं, "भाजी आहे ती. घासाघीस! भाव पटला नाही की निघून जायचं नाटक करायचं आणि भाजीवालीनं हाक मारली की परत फिरायचं."

सांगातीनं ते इमानेइतबारे शिकून घेतलं होतं. हा गुडघा त्वेषानं पाठ फिरवतो तेव्हा त्याच्या मनात जायचं नसतंच. तीन पावलांनी परत यायचं असतं. म्हणून मी चेंडूमागं धावले की तो मला भाजीवालीकडं आणून सोडत होता.

"पण दुसऱ्याचा पाय त्याला ओळखू येत नाही?"

"कंपनी परदेशातली. गुडघ्याचा ब्रेस घरात कुणी उसना घेईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल." डॉक्टर खोतांच्या घरी सर्दीचं औषध एकाला दिलं की चौघं घेतात, हे त्यांनीच सांगितलं. मग ते गंभीर झाले. "हसू नका. तुम्ही पुढं जाताय आणि तो मागं फिरवतोय. कलमाला पीळ बसतोय. हा असा घालून अंतिम सामना खेळलात तर कलम तुटू शकतं. आठवण पुसून नवी प्रणाली बसवून देतो. मग तो तुमचा एकटीचा राहील, दुसऱ्या कुणाच्या पायावर चालणारच नाही. किंवा मग घालू नका. तुमच्या मांडीची ताकद मी मोजली आहे, कोर्टावर जायला पुरेशी आहे. काय करायचं ते ठरवा."

घरी आले तर अभिनंदन यायचा होता आणि आत्या पडवळ चिरत बसल्या होत्या. उडत्या टोपलीतून पडवळ कधी येत नाही. माझ्या लक्षात कसं आलं नव्हतं, देव जाणे.

"आत्या," मी सांगाती त्यांच्यासमोर ठेवला, "पडवळ काय भावानं दिलं?"

विळीवरचा हात थांबला. त्यांनी ब्रेसकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "सांगितलंन् होय त्यानं सगळं? मेला चोंबडा."

"अहो, तीन जिने उतरून एकट्या जाता तुम्ही! कधीपासून?"

"तू आणलास त्या आठवड्यापासून. म्हटलं बघू तरी घालून. साडीखाली काय दिसतंय? घातला तर काय सांगू तुला, गुडघा आपला वाटेना. उठता येतंय, जिना उतरता येतोय, तोल गेला की धरतोय. म्हटलं कोपऱ्यापर्यंत जावं. कोपऱ्यावरून बाजार दिसतोच की." त्यांनी विळी आडवी केली. "अगं, त्या टोपलीतून येतात ते टोमॅटो बघितलेस? सगळे एका मापाचे, एका रंगाचे. भांडायचं कुणाशी? त्याआधी वर्षभर मला बाहेरच्या माणसानं एक हाक मारली नव्हती. तिथं ती शेवंता मला लांबून बघून ओरडते, आल्या बघा मगदूमकाकी, आता माझं काही खरं नाही! मला किती बरं वाटतं, तुला नाही कळायचं."

मला कळत होतं. मी एक पडवळ हातात घेतलं. मग विचारलं, "पण तीनच पावलं का?"

"दोन टाकली तर तिला पटत नाही. चार टाकली तर तिला वाटतं, गेली ही बया, आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळते." आत्या अगदी शिकवायच्या सुरात म्हणाल्या. "तीन."

मग मी डॉक्टरांचं सांगितलं. आठवण पुसली तर ब्रेस माझा एकटीचा होणार, आणि आत्यांचा बाजार संपला. नाही पुसली तर मला तो घालता येणार नाही. आत्यांनी एका क्षणात निकाल दिला. "पुसून टाक. तुझी मॅच आहे शनिवारी."

"मी नाही घालणार. तुम्ही घाला. शनिवारी मोठा बाजार असतो."

"माझं काय, मी काय कोल्हापूरकरणींशी खेळत्येय? तू घाल."

"तुम्हीच घाला."

"हट्ट करू नकोस."

पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसा तो ब्रेस आमच्या दोघींमध्ये इकडून तिकडं सरकत राहिला. अभिनंदनच्या किल्लीचा आवाज आला तशी आत्यांनी ब्रेसवर पडवळाची ताटली ठेवली.

शनिवारी सकाळी आत्या पूजेत होत्या तेव्हा मी निघाले. सांगाती पुसला नव्हता, चपलांच्या मांडणीवर त्यांना दिसेल असा ठेवला. "आत्या, मी नेत नाही हो!" असं ओरडूनही सांगितलं. आतून घंटा वाजली. मी ती होकार समजले.

ब्रेस नसलेला गुडघा घेऊन कोर्टावर उतरले आणि माझी पुरती गाळण उडाली. गुडघा कुणाकडून तरी मागून आणल्यासारखा जपून वापरत होते. सरळ आलेला चेंडू मारायचे, पण डोक्यावरून गेला की पाय हलायचेच नाहीत. नाझनीन एकटी मागंपुढं पळून घामाघूम. "अगं बाई, तू खेळायला आलीस की हळदीकुंकवाला?" ती खेकसली. पहिला सेट गेला. दुसरा तिनं जवळजवळ एकटीनं ओढून आणला. तिसऱ्यात आम्ही पाच-चार पुढं. आणखी एक गेम, की झालं. बाजू बदलायला म्हणून आम्ही बाकाकडं आलो, तर अभिनंदन कुंपणाला नाक लावून उभा, चेहरा पांढराफटक.

"तुझा ब्रेस कुठंय?"

"का?"

त्यानं फोन पुढं केला. सांगातीचा इशारा होता. जोरात पडल्याची नोंद. त्यानंतर हालचाल नाही. कृपया तातडीने मदत पोचवा.

"तू तर इथं धडधाकट उभी आहेस," तो म्हणाला, "मग पडलं कोण?"

मी ओरडले, "आत्या!"

"आई? आईचा काय संबंध?"

"त्या घालतात तो. बाजारात जातात रोज."

"बाजारात?" त्यानं कुंपणाची जाळी धरली. "एकटी? आईला फोन लाव!" लावला. उचलेना. ब्रेस कुठं आहे ते दाखवायची सोय मीच बंद करून ठेवली होती, नाहीतर या माणसानं मला नकाशावर ठिपका करून ठेवलं असतं. पण शनिवार होता. आत्या कुठं असणार हे सांगायला नकाशा कशाला हवा?

मी रॅकेट टाकली आणि पळाले.

जिमखान्याच्या मागच्या फाटकातून बाजार सुरूच होतो. कांद्याच्या पोत्यांना वळसा, केळ्यांच्या गाडीला वळसा, मेथीच्या ढिगावरून उडी. "ओ बाई, ओ!" लोक ओरडत होते. डोळ्यांसमोर एकच चित्र, आत्या कुठंतरी जमिनीवर पडल्यात आणि भोवती गर्दी. मी मनातल्या मनात म्हणत होते, आत्या, काही होऊ देऊ नका, मी तुम्हाला कधी घरात बसा म्हणणार नाही. मागं कुठंतरी अभिनंदन धापा टाकत येत होता.

शेवंताच्या गाळ्यापाशी एक बाई तावातावानं पाठ फिरवून निघाली. तिसरं पाऊल तिनं टाकलं आणि समोर मी.

"अगं बाई!" आत्या म्हणाल्या. "तू? मॅच संपली?"

"तुम्ही पडलात ना?"

"मी कशाला पडत्येय? शुभ बोल की."

"सांगाती सांगतोय, जोरात पडलात म्हणून!"

आत्यांनी साडी बोटभर वर उचलली. पाय मोकळा. "तो घरी आहे. चपला काढताना धक्का लागून मांडणीवरून खाली गेला मेला. म्हटलं पडू दे तिथंच, तू विसरून गेलीयस, न्यायला परत येशील. तुला नको का मॅचला?"

"मी तुमच्यासाठी ठेवला होता!"

"आणि मी तुझ्यासाठी."

"म्हणजे तुम्ही तीन जिने उतरून, ब्रेस न घालता..."

"आणि तू जिमखान्यावरून इथवर पळत आलीस?" त्या माझ्या गुडघ्याकडं बघत होत्या. मीही पाहिलं. धुळीनं माखलेला होता आणि मेथीचं एक पान चिकटलं होतं. फाटकापासून इथपर्यंत मला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. एकाएकी मला रडू फुटलं. "मला वाटलं तुम्हाला काही झालं," मी म्हटलं. आत्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, भर बाजारात, लहान पोरीचं पुसावं तसं.

"किती झालेत?" त्यांनी विचारलं.

"पाच-चार. आम्ही पुढं."

"मग इथं रडत काय उभी राहिलीस?"

तेवढ्यात फोन वाजला. नाझनीन होती. "आत्या बऱ्या आहेत ना? अल्ला का शुक्र! आता ऐक, जाळं दोन बोटं उतरलंय म्हणून मी पंचांशी भांडण काढलंय. ते मोजायला पट्टी शोधायला गेलेत. पट्टी माझ्या पिशवीत आहे. पण कोल्हापूरच्या दोघी भडकल्यात, मला फार वेळ धरून ठेवता यायचं नाही. पळ!"

अभिनंदन येऊन पोचला. त्यानं आईला चाचपून पाहिलं, मला चाचपून पाहिलं, सगळी हाडं जागेवर आहेत म्हटल्यावर त्याच्यातला विमावाला जागा झाला. "दोघीही घरी चला. आत्ताच्या आत्ता. गाडी बोलावतो."

"आम्ही जिमखान्यावर जातोय," आत्या म्हणाल्या आणि भाजीची पिशवी त्याच्या हातात दिली. "मला हिची मॅच बघायचीय. इतकी वर्षं खेळत्येय, कधी बघितलीच नाही."

"अगं आई, पण चालत? आणि ही परत खेळणार? अशीच?" तो रडकुंडीला आला. "निदान ब्रेस तरी आणतो घरून. दोघींपैकी कुणीतरी घाला!"

आत्यांनी माझा हात धरला, मी त्यांचा. त्यांनी लेकाकडं अगदी मायेनं पाहिलं.

"तूच घाल, अभी," त्या म्हणाल्या. "भीती तुलाच वाटतीय."